राष्ट्रपती पुरस्काराचा प्रस्ताव: या चुका टाळा

डोळे झाकून क्लोव्ह हिचची गाठ बांधणारी, ओल्या लाकडावर चहा उकळणारी पोरं स्काऊट-गाईडच्या राष्ट्रपती पुरस्काराच्या वाटेवर अडकतात ती एखाद्या तारखेपायी किंवा नावातल्या एका अक्षरापायी. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही जिल्ह्याचे प्रस्ताव काढून बघा, त्याच त्या चुका दिसतील. पोराला चार वर्षं गाठी शिकवल्या जातात, नकाशा शिकवला जातो, पण स्वतःचा फॉर्म भरायला कोणी शिकवत नाही. 'कागदाचं सर बघतील' हे वाक्य पथकात ज्या दिवशी रुळलं, त्या दिवसापासून चुका साचायला लागतात.

सगळ्यात मोठी चूक: तारखांचा हिशोब शेवटी करणे

प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि मग राष्ट्रपती पुरस्कार, अशी ही चढण आहे. प्रत्येक दोन पायऱ्यांमध्ये ठरावीक महिन्यांचं काम लागतं आणि वरून वयाची अट असते. स्काऊट-गाईडचा वयोगट 10 ते 17. म्हणजे खालून महिने ढकलतात आणि वरून वय दाबतं. पाचवीत दीक्षाविधी झालेल्या, म्हणजे वचन घेऊन पथकात रीतसर दाखल झालेल्या पोराला सवड असते. आठवीत सुरू करणाऱ्याचा एक मेळावा किंवा एक चाचणी शिबिर चुकलं तरी वर्ष हातचं जातं.

समजा दोन सोपानांमध्ये सहा महिने हवेत. पहिल्याचं प्रमाणपत्र 14 ऑगस्टचं आहे आणि पुढची चाचणी 10 फेब्रुवारीला उरकली. चार दिवस कमी. तपासणारा एवढंच बघतो, आणि ते बरोबरच आहे. इथे बरेच जण चाचणीची तारीख आणि प्रमाणपत्राची तारीख यांत गल्लत करतात. चाचणी झाली जुलैत, कागदावर सही-शिक्का बसला सप्टेंबरमध्ये, आणि हिशोब मात्र जुलैपासून धरला. प्रस्तावात जी तारीख छापील दिसते तिलाच धरून चाला.

उपाय साधा आहे. दीक्षाविधीच्याच आठवड्यात प्रत्येक पोराच्या वहीच्या पुठ्ठ्यावर चार रकाने आखून घ्या: पायरी, प्रमाणपत्राची तारीख, प्रमाणपत्र क्रमांक, आणि पुढची पायरी लवकरात लवकर कधी. शेवटचा रकाना पेन्सिलने, बाकीचे पेनाने. खाली ठळक अक्षरांत जन्मतारीख आणि वय संपण्याची तारीख. पोराने तो तक्ता स्वतःच्या हाताने भरायचा. महिन्यांचे आकडे चालू वर्षाच्या परिपत्रकातून घ्या, मागच्या वर्षीच्या झेरॉक्सवरून नको.

आणि मागची तारीख टाकायची नाही. 'चार दिवसांनी काय होतंय भो' म्हणत तारीख सरकवणारे प्रत्येक तालुक्यात भेटतात. ज्या चळवळीचा पहिलाच नियम विश्वसनीयतेचा आहे, तिच्या सर्वोच्च पुरस्काराच्या कागदावर खोटी तारीख टाकून आपण पोराला काय शिकवतो, याचा विचार सही करण्याआधी व्हावा.

शाळा बदलली की फाईल मागे राहते

गावातल्या शाळेत सातवी होते, मग पोरगं तालुक्याच्या हायस्कुलात जातं. दाखला मिळतो, गुणपत्रक मिळतं, स्काऊटचे कागद मात्र जुन्या शाळेच्या कपाटात राहतात. यावल भागातल्या एका मुलाच्या बाबतीत अगदी हेच झालं. प्रथम आणि द्वितीय सोपान जुन्या शाळेत झालेले, तिथले स्काऊट मास्टर बदलून गेलेले. नव्या शाळेने त्याची ऑनलाइन नोंदणी नवीन विद्यार्थी म्हणून केली, त्यामुळे त्याच्या नावावर दोन बीएसजी यूआयडी (भारत स्काऊट्स आणि गाईड्सचे नोंदणी क्रमांक) तयार झाले. राज्य पुरस्काराच्या वेळी एक क्रमांक गेला, राष्ट्रपतीच्या वेळी दुसरा. त्यात जुन्या कागदांवर आडनाव आधी, नव्यावर नाव आधी, आणि इंग्रजीत 'चौधरी' एकीकडे 'ए' घालून, दुसरीकडे 'ओ' घालून. प्रत्येक त्रुटी एकेका पत्राने सुटण्यासारखी होती. तिन्ही एकदम समोर आल्या आणि पत्रं फिरता फिरता मुलाचं वय संपलं. मुलात काहीच कमी नव्हतं.

म्हणून दाखला काढायच्या दिवशीच चार गोष्टी मागून घ्या: सगळ्या सोपानांची मूळ प्रमाणपत्रं, प्रावीण्य पदकांची (एकेका कौशल्याच्या चाचणीनंतर मिळणाऱ्या बिल्ल्यांची) प्रमाणपत्रं, यूआयडी क्रमांक, आणि मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं, जावक क्रमांक घातलेलं एक पत्र की हा विद्यार्थी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्या पथकात होता. नव्या शाळेत नवी नोंदणी न करता जुनाच यूआयडी पुढे चालवायला सांगा. नाव मात्र एकच ठरवा: शाळेच्या जनरल रजिस्टरला जसं आहे तसं, काना-मात्रेसकट. आधारला वेगळं असेल तर आधार दुरुस्त करून घ्या, आणि ते सहावीतच. नववीत नको.

भुसावळच्या पालकांसाठी एक गोष्ट. रेल्वेची पथकं जिल्ह्याच्या संघटनेत येत नाहीत, ती मध्य रेल्वेच्या स्वतंत्र राज्य संघटनेत मोडतात. पोरगं रेल्वेच्या पथकातून जिल्हा परिषदेच्या किंवा खासगी शाळेत आलं तर संघटनाच बदलते. कागद चुकीच्या कार्यालयात महिनाभर पडून राहण्याआधी हे विचारून घ्या.

एका रात्रीत लिहिलेली लॉगबुक

उपक्रमांची अशी नोंदवही पहिल्या पानावरच ओळखू येते. आठ महिन्यांच्या नोंदी, एकच पेन, एकच शाई, अक्षर शेवटाकडे घसरत गेलेलं. मे महिन्यात वृक्षारोपण! जळगाव-भुसावळला पारा 45 च्या घरात असताना कोण रोप लावतं? 31 जूनची सेवा. तोरणमाळची पदयात्रा ज्या तारखेला, त्याच दिवशी हजेरीपटावर शाळेत उपस्थित. दहा पोरांच्या वह्यांत पाटणादेवीचं तेच वर्णन, शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच.

परीक्षक वही मिटून तोंडी विचारतो: ओढा उजव्या हाताला होता की डाव्या? स्वयंपाकाला किती लाकूड लागलं? सारंगखेड्याच्या यात्रेत सेवा दिली म्हणतोस, हरवलेलं लेकरू कोणाच्या ताब्यात दिलं? जो गेला होता तो पटकन सांगतो. जो गेला नव्हता त्याचे डोळे जमिनीकडे जातात, आणि त्या क्षणी त्या पोराला किती लाज वाटते हे बघवत नाही. दोष त्याचा कमी आणि 'लिहून टाक' म्हणणाऱ्याचा जास्त असतो.

200 पानी पुठ्ठ्याची वही घ्या, सुटी पानं नकोत. पहिल्या दिवशीच सगळ्या पानांना क्रमांक घाला. उपक्रम संपला की घरी जायच्या आधी पाच ओळी: तारीख आणि वेळ, ठिकाण, किती जण, प्रत्यक्ष काय केलं, काय बिघडलं. पाचवी ओळ कधीही गाळू नका, खरेपणा तिथेच दिसतो. 'तंबूची उत्तरेकडची खुंटी मुरमात बसेना, दगडाला दोर बांधला' अशी एक ओळ दोन पानी निबंधाला भारी पडते. पदयात्रेच्या नोंदीला हाताने काढलेला कच्चा नकाशा जोडा, त्यावर उत्तर दिशा आणि प्रमाण हवंच. सही त्याच दिवशी, निदान त्याच आठवड्यात. साठ सह्या एका बैठकीत घेतलेल्या लपत नाहीत.

लहान चुका, मोठा खोळंबा

प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका, मागे सही-शिक्का घेता येत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

व्हाईटनर नको. चुकलं तर एक आडवी रेघ, वर बरोबर शब्द, बाजूला छोटी सही.

प्रावीण्य पदकं शेवटच्या महिन्यात गोळा करू नका. कुक, सायकलिस्ट, अ‍ॅम्ब्युलन्स मॅन, प्रत्येकाची चाचणी वेगळी आणि तारीखही वेगळी हवी. पाच पदकं एका तारखेची दिसली की प्रश्न येणारच.

फोटो पूर्ण गणवेशात, स्कार्फ नीट गुंडाळलेला, वॉगल (स्कार्फची कडी) गळ्याशी.

दहावीच्या सवलत गुणांसाठी घाईने पथकात आलेल्या पालकांना पहिल्याच दिवशी तारखांचा तक्ता दाखवा. वेळ बसत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. खोटी आशा लावून पोराला दोन वर्षं फिरवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

प्रस्ताव देताना

तीन संच करा: एक कार्यालयाला, एक शाळेला, एक पोराच्या घरी. वर कागदांची क्रमवार यादी लावा आणि त्या यादीच्या झेरॉक्सवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घालून पोच घ्या. शक्यतो पोरालाच सोबत न्या. टेबलापाशी उभं राहून 'सर, माझा प्रस्ताव आहे, पोच द्याल का?' हे त्याने स्वतः म्हणायचं, तुम्ही दोन पावलं मागे थांबायचं. पोच हातात आली की तिथेच उभ्या उभ्या वाचून घ्यायला सांगा: नाव बरोबर आहे का, तारीख आजचीच आहे का, यादीतले सगळे कागद मोजले का. मगच जिना उतरा.