मक्याच्या रानातली दफनभूमी: आधी जमीन शोधा, मग माणसं

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मका आणि सोयाबीनची शेतं बघत फिरणं हे माझं काम. सपाट मक्यात मधेच चार जुनी सीडरची झाडं उभी असतील आणि नांगराच्या रेघा त्यांना वळसा घालून गेल्या असतील, तर मी गाडी थांबवते. इथला शेतकरी नुसत्या सावलीसाठी अर्धा गुंठाही सोडत नाही. झाडांखाली बहुधा पहिल्या वस्तीकरांपैकी एखादं घराणं पुरलेलं असतं.

परवानगीशिवाय आत शिरू नका. मालकाच्या दारी जा आणि पेरणी-कापणीच्या दिवसांत जाऊ नका. मी गेले ते मालक सत्तरीचे. म्हणाले, "वडील सांगायचे, तिथून नांगर न्यायचा नाही. का, ते मी कधी विचारलं नाही." एवढंच, पण हे वहीत लिहून घ्या, तारखेसकट.

माझी पहिली चूक तुम्ही करू नका. मी मालकांच्या आडनावावरून शोधायला लागले आणि दोन महिने फुकट घालवले. त्यांच्या आजोबांनी ती जमीन विकत घेतलेली, पुरलेली माणसं भलत्याच घराण्याची. म्हणून सुरुवात जमिनीपासून करायची. आपल्याकडे सातबारा आणि फेरफार बघतात, तसंच.

इथल्या जमिनीचा पत्ता एकदा कळला की पुढचं सोपं. टाउनशिप म्हणजे सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन. त्यात ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. सेक्शनचा पाव म्हणजे १६० एकर, त्याचाही पाव ४०. 'सेक्शन १४, वायव्य पावाचा नैर्ऋत्य पाव' असं वाचलं की थेट चाळीस एकरांवर बोट ठेवता येतं. हा पत्ता घेऊन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या अमेरिकी सरकारच्या जमीन खात्याच्या संकेतस्थळावर जा. सरकारकडून ती जमीन पहिल्यांदा कोणाच्या नावे झाली, ते तिथे फुकट बघता येतं. मग काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) रेकॉर्डर कार्यालयात पुढची खरेदीखतं एकेक करून वाचायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण सोनं इथेच सापडतं. मला तिसऱ्या खतात एक ओळ मिळाली: दफनासाठी राखलेला अर्धा एकर वगळून. पुढच्या खतात ती ओळ गायब. कारकून नक्कल करताना गाळतात, म्हणून एकही खत सोडू नका.

जुनी हवाई छायाचित्रंही बघा. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या नकाशा-संग्रहात १९३०च्या दशकातली आहेत. आज चार झाडं दिसतात तिथे मला तेव्हाचा स्पष्ट चौकोन दिसला, आजच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट. त्याच दशकात डब्ल्यूपीए नावाच्या सरकारी रोजगार योजनेतल्या माणसांनी (आपल्या रोजगार हमीचीच मावशी म्हणा) दफनभूम्या फिरून नावांच्या याद्या केल्या. तेव्हा वाचता येणारे दगड आज पुसले गेलेत, म्हणून त्या याद्या मोलाच्या.

आता दगड. नोव्हेंबरअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला जा. पीक नसतं, गवत झोपलेलं असतं, गोचीडही कमी. आपल्या सदाफुलीच्या कुळातली निळ्या फुलांची व्हिंका जमिनीवर पसरलेली दिसली तर तिथे मुद्दाम शोधा, ती कबरींवर हौसेनं लावत. कबरी सहसा पूर्व-पश्चिम असतात, डोकं पश्चिमेला. जमिनीत माणसाच्या लांबीचे खोलगट चट्टे दिसले तर मोजून कागदावर काढा.

अक्षरं वाचायला खडू, शेव्हिंग क्रीम, तारेचा ब्रश यातलं काहीही दगडाला लावू नका. जुना संगमरवर साखरेसारखा झडतो. एक मोठा आरसा न्या आणि ऊन तिरकं दगडावर पाडा. माझ्या दगडावर मेंढराचं पिल्लू कोरलेलं होतं, म्हणजे लहान मूल. आरसा थोडा फिरवताच सावलीतून आकडे उठले: मृत्यू ५ मार्च १८५८, वय २ वर्षं, ७ महिने, २० दिवस. उलटं मोजलं की जन्म १६ जुलै १८५५च्या आसपास.

आता हे मूल कागदावर शोधायचं कसं? त्या काळी इथे मृत्यूची नोंद होत नव्हती. काउंट्यांनी ती १८८०मध्ये सुरू केली. १८६०च्या जनगणनेसोबत मृतांची यादी आहे, पण ती १ जून १८५९ ते ३१ मे १८६०ची. आमचं मूल त्याआधीच गेलेलं. वाचवलं ते आयोवाच्या स्वतःच्या १८५६च्या जनगणनेनं. तीत घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे, जन्मस्थान आहे आणि आयोवात येऊन किती वर्षं झाली तेही. आईवडिलांच्या खाली शेवटच्या ओळीत ते होतं, वयाच्या रकान्यात शून्य. १८६०च्या पानावर ती ओळ नाही. (१८५०च्या आधीच्या राष्ट्रीय जनगणनेत मात्र फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव मिळतं. आणि १८९०ची जवळपास सगळी १९२१च्या आगीनंतर गेली, तिच्यामागे वेळ घालवू नका.)

दगडावर 'कॉन्सॉर्ट' असेल तर ती बाई नवऱ्याआधी गेली. 'रेलिक्ट' म्हणजे विधवा. एवढ्यावरून नवरा तिच्या आधी गेला की नंतर, ते कळतं.

खणू नका, सळई खुपसू नका, पडलेला दगडही स्वतः उभा करू नका. हाडं दिसली तर आधी पोलिसांना कळवा. दीडशे वर्षांपेक्षा जुने अवशेष इथे राज्य पुरातत्त्वज्ञाच्या कार्यालयाकडे जातात. गेल्या ५० वर्षांत १२ किंवा कमी दफनं झालेल्या जागेला आयोवाच्या कायद्यात 'पायोनिअर सिमेटरी' म्हणतात. ती भाषा वापरून जागेच्या देखभालीसाठी अर्ज केलात तर टाउनशिपचा कारभार बघणारे विश्वस्त लवकर ऐकतात.

नकाशाची एक प्रत मालकांना द्या. माझ्या मालकांनी ती मुलाकडे दिली, त्यानं जुना चौकोन ट्रॅक्टरच्या जीपीएसमध्ये घातला. यंदा मे महिन्यात पेरणीयंत्र झाडांपासून बरंच अलीकडे आपोआप थांबलं.