एएनसी ओपीडीला नवीन पोस्टिंग लागलीय? आधी तारीख काढायला शिका

एएनसी ओपीडीला, म्हणजे गरोदर बायांच्या तपासणीला, गेलं की पहिलं काम हेच, बाईला कितवा आठवडा चालूय ते काढा. कॉलेजात सोपं वाटतं, एलएमपीत, म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात, नऊ महिने सात दिवस मिळवा, झालं. १४ जानेवारी असली तर ईडीडी, म्हणजे बाळंतपणाची अंदाजे तारीख, २१ ऑक्टोबर. हिशोब बरोबरच आहे, पण सोलापुरात १४ जानेवारी असं सरळ सांगतंय कोण, "गड्ड्यात आली होती बघा" म्हणतात, गड्डा म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वराची जत्रा. मग विचारायचं, अक्का, अक्षतांच्या (जत्रेतल्या लग्नसोहळ्याच्या) आधी का नंतर? लगेच आठवतं, नाहीतर सोबत आलेल्या जावेला तरी आठवतं.

खरा घोळ वेगळाच असतो. "पाळीची तारीख सांगा" म्हटलं की काही जणी पाळी चुकली ती तारीख सांगतात, म्हणजे चार आठवडे तिथंच गायब, आणि काही जणी डोक्यावरून पाणी घेतलं तो दिवस धरतात. त्यामुळं विचारायचं असं, की शेवटची पाळी आली तेव्हा पहिल्या दिवशी कधी दिसलं? नियमित येते का, अंगावर पाजत असतानाच दिवस गेलेत का, गोळ्या चालू होत्या का हे पण विचारा, कारण तो फॉर्म्युला २८ दिवसांची पाळी धरून चालतो, ३५ दिवसांनी येणारीचा आठवडा तिथंच चुकतो.

सगळ्यात भरवशाची पहिल्या तीन महिन्यातली सोनोग्राफी. त्यात सीआरएल मोजतात, म्हणजे बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी. नऊ आठवड्याच्या आत एलएमपीशी ५ दिवसांपेक्षा जास्त किंवा त्यानंतर १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत ७ दिवसांपेक्षा जास्त फरक निघाला तरच सोनोग्राफीची तारीख धरायची, नाहीतर एलएमपीचीच ठेवायची. पुढं डोकं, पोट, मांडीचं हाड मोजतात पण प्रत्येक बाळ आपापल्या चालीनं वाढतं, त्यामुळं २८ आठवड्यांनंतर २१ दिवस इकडंतिकडं होऊ शकतात. आणि नवीन पोरं नेमका फायलीत वर लावलेला ताजा रिपोर्टच बघतात! समजा ३६ आठवड्याचं बाळ मापात ३३ चं दिसतंय, तुम्ही ईडीडी पुढं ढकलली की ते कागदावर एकदम नॉर्मल, आणि वाढ खुंटलीय हे कुणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून फाईल उलटी करून सगळ्यात जुना रिपोर्ट शोधायचा.

उशिरा नाव घालायला आलेली, हातात एक कागद नाही, अशी असली तर टेप, त्यानं ओटीपोटाच्या हाडापासून गर्भपिशवीच्या वरच्या टोकापर्यंत मोजायचं. आधी लघवीला जाऊन यायला सांगा, लघवीची पिशवी भरलेली असली की माप वाढतं. २० आठवड्यांनंतर जितके सेंटीमीटर साधारण तितके आठवडे, दोनेक इकडंतिकडं. आकड्यांची बाजू खाली ठेवून मोजा, नाहीतर मनात ठरवलेलाच आकडा येतो. जुळं, बाळाभोवती पाणी जास्त, गर्भपिशवीत गाठ असली तर टेप फसवतो, अशीला सोनोग्राफीला पाठवाच.

कार्डावर ईडीडी लिहिताना शेजारी कशावरून काढली ते पण लिहा, एलएमपी का किती आठवड्याची सोनोग्राफी. रात्री लेबर रूमला जो असेल तो तेवढंच वाचतो.