सम-विषम शिकवताना शेवटचा अंक शेवटीच यावा

प्राथमिक वर्गाला गणित शिकवण्याचे काम नव्याने हाती घेणाऱ्या शिक्षकाला सम आणि विषम संख्या हा घटक एका तासात उरकण्याजोगा वाटतो, आणि वरवर पाहता तो तसा उरकताही येतो. एककस्थानी ०, २, ४, ६ किंवा ८ असेल तर संख्या सम, नाहीतर विषम, एवढे सांगितले की मुले वहीतली उदाहरणे बिनचूक सोडवू लागतात. हा घटक निरनिराळ्या वयाच्या मुलांना शिकवताना माझे मत मात्र असे होत गेले की हा नियम खरा असला तरी तो सुरुवातीला सांगू नये. नियम पाठ असलेल्या मुलाला ५८ ही संख्या सम का, असे विचारले तर शेवटी ८ आहे म्हणून, असे उत्तर येते. ८ सम का, असे पुढे विचारले की ते समच्या यादीत आहे, यापलीकडे त्याला काही सांगता येत नाही.

सुरुवात हातात मावणाऱ्या वस्तूंनी करावी. खडे, मणी, बटणे, बिया यांपैकी काहीही चालते. मुलांना मूठभर वस्तू घेऊन त्यांच्या जोड्या लावायला सांगावे. प्रत्येक वस्तूला जोडीदार मिळाला तर ती संख्या सम आणि एक वस्तू एकटी उरली तर विषम. जोड्या एकीखाली एक मांडून घेणे आवश्यक आहे, कारण विखुरलेल्या जोड्यांमध्ये एकटी उरलेली वस्तू चटकन दिसत नाही, उलट दोन उभ्या रांगांच्या मांडणीत सम संख्येचे टोक सरळ राहते आणि विषम संख्येचे टोक एका बाजूने पुढे आलेले दिसते. मारिया माँटेसरी यांच्या शिक्षणपद्धतीत याच कामासाठी १ ते १० हे अंक आणि ५५ टिकल्या असे साहित्य असते. १ ते १० या संख्यांची बेरीज ५५ होते, म्हणून टिकल्या नेमक्या तेवढ्याच. मूल प्रत्येक अंकाखाली तितक्या टिकल्या जोडीजोडीने मांडते आणि विषम संख्येतली उरलेली टिकली सर्वांत खाली मधोमध ठेवते. मग दोन रांगांमधून वरून खाली बोट फिरवले की सम संख्येत ते आरपार जाते आणि विषम संख्येत त्या टिकलीपाशी अडते. हे साहित्य विकत घेण्याची गरज नाही, बटणांनीही काम होते. पण बोट फिरवण्याची कृती गाळू नये, कारण लहान मुलांना विषमपणा डोळ्यांआधी बोटाला कळतो. मांडणी हातात बसली की मुठीत खडे लपवून ‘एकी की बेकी’ असे विचारण्याचा खेळ घ्यावा. अंदाज बरोबर आला की चुकला हे शिक्षकाने सांगू नये. मूठ उघडून जोड्या लावण्याचे काम मुलांकडेच ठेवावे.

सम संख्येची ओळख दोन तऱ्हांनी करून देता येते आणि नव्या शिक्षकांच्या ध्यानात हा भेद सहसा येत नाही. १२ मणी दोन-दोन करून मांडले तर सहा जोड्या होतात, आणि तेच मणी दोघांत वाटले तर प्रत्येकाला सहा मिळतात. मोठ्यांना या दोन्ही गोष्टी एकच वाटतात, पण मुलाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या कृती असतात. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिड याने इसवी सनापूर्वी सुमारे ३०० च्या आसपास रचलेल्या ग्रंथाच्या सातव्या खंडात वाटणीचा मार्ग घेतला असून, दोन समान भाग होतात ती संख्या सम, असे तो म्हणतो. मी तरी जोडीचा मार्ग आधी घेते, कारण वाटणीत एक गंमतीची अडचण येते. अर्ध्याची ओळख झालेले मूल सात कागदी पट्ट्या दोघांत वाटताना सातवी पट्टी सरळ मधोमध फाडते आणि प्रत्येकाला साडेतीन देऊन मोकळे होते. त्यात त्याचे काहीच चुकलेले नसते, आपलाच प्रश्न सैल असतो. म्हणून वाटणी घ्यायची तेव्हा न तुटणाऱ्या वस्तू घ्याव्यात आणि नंतर दोन्ही कृती जोडून दाखवाव्यात: प्रत्येक जोडीतला एक मणी डावीकडच्या मुलाला आणि एक उजवीकडच्या मुलाला दिला की जोड्यांचीच समान वाटणी होते.

जोड्या लावणाऱ्या वर्गात कधी ना कधी एक आक्षेप येतो आणि त्याची तयारी आधीच असावी. अमेरिकेतील मिशिगन राज्यात डेबोरा बॉल यांच्या तिसरीच्या वर्गात १९९० साली एका मुलाने असे मांडले की ६ ही संख्या सम आहे आणि विषमही असू शकते, कारण ती तीन जोड्यांची बनते आणि तीन ही विषम संख्या आहे. बॉल यांनी हे उत्तर चूक ठरवून बाजूला न टाकता वर्गाला त्यावर बोलू दिले, तेव्हा एका मुलीने दाखवून दिले की तसे असेल तर १० लाही असेच म्हणावे लागेल, कारण तिच्यात पाच जोड्या आहेत. गणितशिक्षणाच्या वर्तुळात हा प्रसंग आजही चर्चिला जातो. मला त्यात विशेष वाटते ते असे की त्या मुलाचे निरीक्षण नुसते चुकीचे नव्हते: २, ६, १०, १४ या संख्यांचा अर्धा भाग विषम असतो, आणि अशा संख्यांचा विचार युक्लिडनेही नवव्या खंडात वेगळे नाव देऊन केला आहे. वर्गात हा आक्षेप आला तर निरीक्षणाची नोंद फळ्यावर घ्यावी आणि मग विचारावे की सम-विषम ठरवताना आपण जोड्या किती झाल्या हे पाहतो की जोडीविना काय उरले हे पाहतो. बहुतेक गोंधळ या एका प्रश्नाने सुटतो.

एककाच्या अंकाकडे वळायचे ते यानंतर, आणि तेही दशकांचे गठ्ठे आणि सुटे हाताशी ठेवून. २३६ ही संख्या विषम आहे, कारण तिच्यात ३ आहे, असे म्हणणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांना एककाकडे बघ असे बजावल्याने उत्तर सुधारते, समज सुधारत नाही. त्याऐवजी एका दशकाचा गठ्ठा सुटा करून त्याच्या जोड्या लावायला सांगाव्यात. नेमक्या पाच जोड्या होतात आणि काही उरत नाही. मग दशके तीन असोत की तेवीस, त्यांच्यातून एकटे काही उरणे शक्यच नाही, हे मुलांच्या लक्षात येते. शतक म्हणजे दहा दशकेच, त्यामुळे तिथेही तेच. उरले तर सुट्यांतूनच उरणार, म्हणून सुटे तेवढे पाहावेत. हा युक्तिवाद मुलांनी स्वतःच्या शब्दांत सांगितला की नियम त्यांचा होतो. ४७ आणि ७४ अशा अंकांची अदलाबदल असलेल्या जोड्या सरावाला घ्याव्यात. तोंडी सराव घेताना एकोणतीस, एकोणचाळीस या संख्या मुद्दाम विचाराव्यात, कारण तीस किंवा चाळीस कानावर पडताच काही मुले घाईने सम म्हणून मोकळी होतात.

शिक्षकाने स्वतःपुरते एवढे लक्षात ठेवावे की हा नियम संख्येचा नसून दशमान पद्धतीचा आहे. पाचाच्या पायावर, म्हणजे दहाऐवजी पाच-पाचांचे गठ्ठे करून लिहिल्यास ६ ही संख्या ११ अशी आणि ८ ही संख्या १३ अशी दिसते. शेवटचा अंक विषम, पण संख्या सम. मुलांना हे सांगण्याची गरज नाही.

शून्याचा प्रश्न मुले विचारतातच, आणि शून्य समही नाही आणि विषमही नाही, असे उत्तर मोठ्यांकडूनही ऐकू येते. शून्य ही सम संख्या आहे. रिकाम्या मुठीत जोडीविना उरलेला एकही खडा नसतो, हे कारण पुरेसे आहे. ते पटत नसेल तर ६, ४, २ असे दोन-दोनने मागे यायला सांगावे, म्हणजे पुढचे पाऊल शून्यावरच पडते. इथे मुले अडखळली तर त्याचे आश्चर्य वाटू नये. स्तानिस्लास दहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्रौढांनाही शून्याचे सम-विषम ठरवायला इतर सम अंकांपेक्षा अधिक वेळ लागल्याचे दिसले होते.

या घटकातला खरा आनंद बेरजेत आहे आणि तिथे घाई करू नये. दोन विषम संख्यांची बेरीज नेहमी सम का येते, हे विचारल्यावर मुले आधी ३ अधिक ५, ७ अधिक ९ अशी उदाहरणे देतात. उदाहरणे ऐकून घ्यावीत, पण तेवढ्यावर थांबू नये. आपण न पाहिलेल्या संख्यांचे काय, असे विचारावे. टोक पुढे आलेल्या दोन मांडण्या समोरासमोर आणल्या की दोन्हीकडचे एकटे मणी एकमेकांचे जोडीदार होतात, आणि हे कितीही मोठ्या विषम संख्यांबाबत घडणार हे मुलांना दिसते. ही अक्षरांशिवाय दिलेली सिद्धताच आहे, आणि सात-आठ वर्षांचे मूल ती देऊ शकते. यानंतर तीन विषम संख्या घेऊन ३० ही बेरीज करून दाखवा, असे काम द्यावे. मुले बराच वेळ खटपट करतात, कोणी २९ पर्यंत, कोणी ३१ पर्यंत पोहोचते, आणि मग एखादे मूल म्हणते की दोन एकट्यांची जोडी झाली तरी तिसरा एकटाच राहणार, म्हणून हे जमणारच नाही. उत्तर नसलेला प्रश्न दिला म्हणून काही मुले रुसतात. त्यांना पुढचा प्रश्न चार विषम संख्यांचा द्यावा.