घरी शिकणाऱ्या मुलांनी कॉलेजचा ऑनलाइन कोर्स कसा करावा

माझी १५ वर्षांची मुलगी ठाण्यात घरीच शिकते. ओपन स्कूलच्या म्हणजे एनआयओएसच्या दहावीचा अभ्यास चालू असतानाच तिने पर्यावरणशास्त्राचा कॉलेजचा कोर्स केला. त्या अनुभवावरून हे लिहिते आहे.

विषय मुलांनाच निवडू द्या. आईवडिलांच्या हौसेने घेतलेला कोर्स दोन आठवड्यांत बंद पडतो.

मग कोर्स शोधा. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे एनपीटेल कोर्स सरकारच्या ‘स्वयम’ पोर्टलवर मोफत शिकता येतात. ते जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात आणि ४, ८ किंवा १२ आठवडे चालतात. पहिल्यांदा ४ आठवड्यांचाच घ्या. प्रोग्रामिंगची आवड असेल तर हार्वर्डचा सीएस५० हा संगणकशास्त्राचा ऑनलाइन कोर्स चांगला. त्याची सुरुवात स्क्रॅचने, म्हणजे रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायच्या सोप्या भाषेने होते, त्यामुळे नवखं मूल बिचकत नाही. गणितासाठी अमेरिकेतल्या एमआयटीचं ओपनकोर्सवेअर, म्हणजे तिथल्या कोर्सचं मोफत साहित्य आहे, तिथे तारखांचं बंधन नाही.

नाव नोंदवण्याआधी एक लेक्चर शेजारी बसून ऐका. मध्येच थांबवून विचारा, “आत्ता काय सांगितलं?” निम्मं जरी स्वतःच्या शब्दांत सांगता आलं तरी पुढे जा. काहीच सांगता आलं नाही, तर आधी पाया पक्का करा. बहुतेक वेळा गणित कमी पडत असतं.

खरी मेहनत इथून पुढे. लेक्चर थांबवत थांबवत वहीत टिपणं काढायची, असाइनमेंट स्वतः सोडवायची. उत्तर चुकलं तरी तुम्ही सांगू नका, हे मला फार जड गेलं. आणि शिकलेलं बाहेर जाऊन बघायचं. आम्ही ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात गेलो. तिवराची मुळं चिखलातून वर का डोकावतात, हे तिनेच मला समजावलं: खालच्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, म्हणून झाड त्या मुळांनी हवा घेतं. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, तो कशासाठी, हे मला त्या दिवशी कळलं.

एनपीटेलचं सर्टिफिकेट हवं असेल तर शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. ७५ टक्के गुण परीक्षेचे, २५ टक्के असाइनमेंटचे. पहिल्या कोर्सला परीक्षा नाही दिली तरी चालेल. मात्र हे सर्टिफिकेट दहावी-बारावीची जागा घेत नाही, त्यामुळे ओपन स्कूलचा अभ्यास सोडू नका. टिपणांवर तारखा घालून ती एका फाइलला लावून ठेवा. पुढचा कोर्स निवडताना ती फाइलच आधी उघडायची.