कार रेसिंगचे फोटो काढताय? या चुका टाळा, माझ्या सगळ्या करून झाल्यात

साताऱ्यातनं निघताना मित्राची मोठी लेन्स मागून घेतली, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईच्या सर्किटवर दिवसभर उन्हात उभा राहिलो, हजारभर फोटो काढले आणि परतीच्या रेल्वेत बघत बसलो तर प्रत्येक फोटोत गाडी पोवई नाक्यावर पार्किंगला लावल्यासारखी. नंबर वाचता येतोय, स्टिकर वाचता येतायत, अलॉयचे स्पोक मोजून घ्या हवं तर. पण पळतीये कुठं?

शटर १/२००० ला होतं ना, म्हणजे सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात फोटो, सगळं गोठलेलं! फॉर्म्युला कार उभी असली तरी रेसची वाटते, मी काढत होतो ती टूरिंग कार मात्र दिसायला आपल्या रस्त्यावरचीच गाडी, त्यामुळं चाक थांबलेलं दिसलं की विषय संपला. १/२५० पासून सुरू करा, मग १/१२५, हात बसला की १/६०. आणि एकच आकडा दिवसभर धरून बसू नका, स्ट्रेटवर १/२५० लाही मागचं सगळं छान ओढलं जातं पण हेअरपिनला, म्हणजे पार उलटं फिरणाऱ्या वळणाला, तीच गाडी हळू होते आणि तिथं १/२५० म्हणजे परत पोवई नाका.

मग शटर कमी केलं तर सगळंच हललेलं येतं, कारण क्लिक झाला की आपला हात थांबतो. पाय जिथं फोटो घ्यायचाय तिकडं रोवायचे, गाडी लांब असतानाच कंबरेतनं तिच्याकडं वळायचं, तिच्यासोबत फिरत यायचं आणि क्लिकनंतरही फिरत राहायचं, बॉलर बॉल सोडल्यावर हात खाली आणतो तसं. याची प्रॅक्टिस करायला चेन्नई कशाला, मी वाढे फाट्याला सर्व्हिस रोडच्या कडेला सुरक्षित अंतरावर उभा राहून एसट्यांवर केली. असं गाडीसोबत फिरत फोटो काढणं म्हणजे पॅनिंग, लेन्सच्या स्टॅबिलायझरला (हाताची थरथर सावरणारी सोय) त्याचा मोड असतो, कॅननच्या बऱ्याच लेन्सवर तो मोड २, तो लावा.

आता खरी भानगड. दुपारच्या उन्हात आयएसओ (सेन्सर उजेडाला किती तिखट ते) १०० आणि शटर १/६० म्हटलं की ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र, पार एफ १८-२० पर्यंत बंद करावं लागतं (आकडा मोठा, छिद्र लहान), त्यानं सेन्सरवरची धूळ आकाशात काळे ठिपके होऊन दिसते आणि समोरची तारेची जाळी, जी एफ ४ ला विरघळून गेलेली असते, ती गाडीवर राखाडी चौकड्यांसारखी उगवते. मला वाटलं लेन्सच खराब आहे, मित्राला फोन करून बडबडलो पण! लेन्स बिचारी ठणठणीत होती. एनडी ८ फिल्टर (लेन्सपुढं लावायची काळपट काच) लावा, तीन स्टॉप उजेड कमी होतो, एक स्टॉप म्हणजे निम्मा, आणि त्याच शटरला एफ ७ च्या आसपास येता येतं. पोलरायझर फिल्टर असला तरी भागतं, तो दीड-दोन स्टॉप खातो वर काचेवरची चकाकी मारतो, आतलं ड्रायव्हरचं हेल्मेट दिसायला लागतं. जाळीच्या जितकं जवळ जाऊ देतील तितकं जा आणि तारांवर ऊन पडलेली जागा टाळा. फोकस तारेलाच चिकटत असेल तर लेन्सवरचा फोकस लिमिटर (जवळचा फोकस बंद करणारं बटण) लावायचा, नसेल तर ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर आधीच फोकस करून ठेवायचा.

गाडी दिसली की बोट दाबून धरू नका. बफर, म्हणजे फोटो तात्पुरते साठवायची कॅमेऱ्यातली जागा, भरला की कॅमेरा गप्प बसतो आणि नेमक्या त्याच वेळी पुढं दोघं एकमेकांना घासतात, अनुभव आहे. आणि भर दुपारी लांबच्या गाड्यांच्या नादी लागू नका, तापलेल्या डांबरावरची हवा थरथरते, तिथं दोन लाखांची लेन्स पण काही करू शकत नाही.

प्रॅक्टिस सेशनला कॅमेरा खाली ठेवून नुसतं बघा. फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिन पुढची चाकं फिरवतं अशा) गाड्या जोरात वळताना आतल्या बाजूचं मागचं चाक उचलतात, अगदी कुत्रं खांबापाशी पाय उचलतं तसं, आणि ते ठराविक कॉर्नरलाच होतं. दुसऱ्या खेपेला मी त्या एकाच कॉर्नरला ठाण मांडून बसलो, फोटो तीनशेच काढले, अकरा ठेवले, त्यातल्या एकात चाक हवेत आहे आणि खाली सावली वेगळी पडलीये.