लाइट फडफडतात? आधी केबल बघा

एकांकिकेच्या रंगीत तालमीत ब्लॅकआउट मागितला आणि मागचे चार एलईडी पार लाइट (डब्यासारखे रंगीत दिवे) निळा उजेड फडफडवतच राहिले. लाइट चालवायच्या कन्सोलवर संशय घेण्यात आमचा तास गेला. शेवटी सापडली साउंडवाल्यांकडून उसनी आणलेली माइकची केबल. तिचा प्लग चपखल बसतो, तिथेच फसगत होते. डीएमएक्सला, म्हणजे कन्सोलचा हुकूम लाइटपर्यंत नेणाऱ्या डिजिटल सिग्नलला, साधारण 110 ते 120 ओहम इम्पीडन्सची (सिग्नलला होणाऱ्या विरोधाची), पिळाच्या दोन तारा आणि वर शील्ड (धातूचं आवरण) असलेली केबलच लागते.

दुसरी अडचण पिनांची. स्टँडर्डप्रमाणे कनेक्टर पाच पिनांचा एक्सएलआर (माइकला असतो तसला गोल प्लग). स्वस्त पारना मात्र तीनच पिना. मग अ‍ॅडॅप्टर लागतो. तो घरी करता येतो. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास एका फेरीत सामान मिळेल: पाच पिनी मेल (पिनांचा), तीन पिनी फीमेल (भोकांचा), एक तीन पिनी मेल, वीतभर डीएमएक्स केबल आणि 120 ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर (पट्टे तपकिरी, तांबडा, तपकिरी).

सोल्डरिंगआधी कनेक्टरची टोपणं केबलमध्ये ओवून घ्या. हे विसरलं की सगळं उकलावं लागतं. पिनांच्या वाट्या आधी सोल्डरने भरा, तारेचं टोकही भिजवून घ्या आणि मग वाटी तापवून तार आत बुडवा. शील्ड 1 नंबरला, डेटा मायनस 2 ला, डेटा प्लस 3 ला, दोन्ही टोकांना सारखंच. 4 आणि 5 मोकळ्या. मेल आणि फीमेलमध्ये पिनांचा क्रम आरशासारखा उलटा दिसतो, म्हणून अंदाजाने जाऊ नका. पिनेशेजारी कोरलेला आकडा वाचा. शील्ड कनेक्टरच्या धातूच्या अंगाला जोडू नका.

उरलेला रेझिस्टर तीन पिनी मेल प्लगमध्ये 2 आणि 3 च्या मधे लावा. हा टर्मिनेटर. शेवटच्या पारच्या आउटमध्ये तो खोचला की टोकाला पोचलेला सिग्नल उलटा फिरत नाही.

लाइन टाकताना कन्सोलमधून पहिल्या पारला, तिथून दुसऱ्याला, अशी साखळी करा. वाय केबलने फाटा काढू नका; दोन्ही विंगांत लाइन न्यायचीच असेल तर स्प्लिटर (एका सिग्नलच्या वेगवेगळ्या लाइनी काढणारी पेटी) घ्या. एका लाइनीवर 32 पेक्षा जास्त उपकरणं नकोत.

पुरुषोत्तम करंडकाच्या (कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या) तयारीत असलेल्या मुलांनी पुढची चाचणी तरी सोडू नये. आधी प्रत्येक केबल आणि अ‍ॅडॅप्टर मल्टीमीटरवर पिनेला पिन तपासा. मग कन्सोल आणि पार बाजूला ठेवून सगळ्या केबली एकमेकींना जोडा, शेवटी टर्मिनेटर लावा आणि कन्सोलकडच्या टोकाला 2 आणि 3 मधला रेझिस्टन्स मोजा. 120 किंवा थोडा वर आला तर लाइन धड आहे. शून्याजवळ आला तर कुठेतरी दोन तारा चिकटल्यात. काहीच दाखवलं नाही तर तार तुटलीय. अशा वेळी टर्मिनेटर एकेक केबल अलीकडे आणत जा. ज्या केबलच्या अलीकडे 120 दिसू लागेल, ती उघडा.