पंखात मांजर: छोट्या विमानाच्या ट्रेनी पोट्ट्यांसाठी

मे महिन्यात दुपारी दोनला नागपुरातल्या कुठल्याही हँगरच्या पत्र्याखाली उभे राहा, म्हणजे मांजर विमानात काहून शिरतं ते समजावून सांगावं लागणार नाही. बाहेर ४५ अंश, एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या फरशीवर, पाय ठेववत नाही, आणि त्याला हवी असते सावली, अंधार अन् अंग घुसवायला अरुंद जागा. सेसना या छोट्या विमानाच्या काउलखाली (इंजिनावरचं पत्र्याचं झाकण), शेपटीच्या पोकळीत नाहीतर सीटमागच्या बॅगेजच्या कोनाड्यात या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात. हिवाळ्यात कारण उलटं. डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली गेला की नुकतंच उतरलेलं इंजिन बराच वेळ ऊब देतं. म्हणजे मांजराचा मोसम बारमाही.

मी एएमई, म्हणजे विमानं दुरुस्त करून सही देणारा इंजिनिअर, म्हणून निवृत्त झालो. जन्म छोट्या विमानांखाली उताणं पडून गेला. विमानात मांजर शिरलं तर काय करायचं, हा प्रश्न नवे ट्रेनी अजूनही हसत हसत विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

हसण्यासारखं आहेच म्हणा. २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कूरूला, जिथून युरोपचे रॉकेट सुटतात त्या गावी, एका क्लबाच्या सव्हाना जातीच्या अतिहलक्या विमानाने उड्डाण केलं. विमान बऱ्यापैकी वर गेल्यावर पंखाच्या मुळाशी असलेल्या फटीतून एक मांजर बाहेर आलं आणि वाऱ्यात पंजे रोवून बसलं. ते क्लबाचंच मांजर. पायलट पुढे बघत होता, त्याला दिसायला थोडा वेळ लागला. दिसल्यावर त्याने आरडाओरडा केला नाही, शांतपणे विमान खाली आणलं, आणि मांजर धडधाकट उतरलं. व्हिडिओ जगभर फिरला. बघणाऱ्यांनी मांजर बघितलं. तुम्ही पायलटचे हात बघा, काठी (विमान वळवायचा, वर-खाली करायचा दांडा) किती हळू हलवतो ते.

त्या पायलटला पुढे विचारलं, तेव्हा तो म्हणाला की मांजर तपासणीनंतर शिरलं की तपासणीतच सुटलं, हे त्याला कळलं नाही. माझ्या मते सगळा धडा यातच आहे. प्रीफ्लाइट, म्हणजे उड्डाणाआधीची तपासणी, सगळेच करतात. प्रीफ्लाइट झाल्यावर लॉगबुकवर सही, टॉवरशी बोलणं, इन्स्ट्रक्टरची वाट, कोपऱ्यावर तर्री पोहे, यात वेळ जातो. दरवाजा अर्धा उघडा, खिडकी वर, आणि मांजर आरामात आत. म्हणून तपासणी दोनदा करा: एकदा नेहमीची पूर्ण, आणि दुसरी फक्त मांजरापुरती, सीटवर बसण्याच्या अगदी आधी. पहिलीनंतर विमान सोडून जायचंच असेल तर दरवाजे बंद, खिडक्या बंद, काउलच्या बोळ्या (पुढची भोकं बुजवायचे बोळे) पुन्हा आत. बोळ्यांना लाल फडकी लटकत असतात, म्हणून त्या काढायला सहसा विसरत नाही.

आता झडती. सगळ्यात आधी मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र) बंद, किल्ली काढून डॅशबोर्डवर, बाहेरून दिसेल अशी. मांजर शोधताना माणूस वाकतो, हात घालतो, प्रोपेलरला खांदा लागतो. प्रोपेलर कधीही फिरू शकतो असं धरूनच वागायचं.

सेसना १५२ आणि १७२ च्या हँडबुकात फेरीचा क्रम दिलेला आहे: केबिन, शेपूट, उजवा पंख, नाक, डावा पंख. तोच ठेवा, नवा क्रम काढू नका. फक्त प्रत्येक ठिकाणी एक जास्तीचा प्रश्न विचारा.

केबिनमध्ये सीट पुढे सरकवून खाली टॉर्च मारा. रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू) फिरवायच्या पेडलच्या मागे, पायांच्या पुढच्या अंधाऱ्या कोपऱ्यात हमखास बघा, कारण हवेत मांजर तिथे सापडलं तर ती सगळ्यात वाईट जागा. बॅगेजचा मागचा पडदा किंवा पॅनल सैल असेल तर त्यामागे शेपटीची पोकळी सुरू होते. त्या पोकळीतून एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची आडवी फळी) अन् रडरच्या तारा पुलीवरून जातात. तीन-चार किलोचं मांजर वजनाच्या हिशेबात काहीच नाही. १५२ चं कमाल वजन ७५७ किलो आहे, त्यात ते कुठे दिसणार. धोका वजनाचा नाही, तारेचा आहे. घाबरलेलं मांजर पुलीजवळ अंग चोरून बसलं की काठी, सेसनात तिच्या जागी असलेलं कंट्रोल व्हील, जड होते.

शेपटीपाशी गेल्यावर एलेव्हेटर हाताने पूर्ण वर, पूर्ण खाली करा आणि त्या वेळी बोलू नका. कान लावा. घासल्याचा, खरवडल्याचा, काहीही आवाज आला तर थांबा. मग शेपटीच्या पत्र्यावर हाताच्या बोटांनी हलकेच टकटक करा. आत कोणी असेल तर हलतं. जोरात थापा मारू नका, ते अजून आत जातं.

पंखांत सेसनाला तशी मोठी फट नसते. कूरूचं विमान वेगळ्या बांधणीचं होतं. तरी फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे खाली सोडता येणारे पत्रे) खाली सोडून त्यामागची पोकळी बघा. अतिहलकी विमानं आणि घरी जुळवलेली विमानं उडवणाऱ्यांनी पंखाच्या मुळाशी हात घालूनच खात्री करावी.

नाकाकडे मी सगळ्यात जास्त वेळ देतो. पुढच्या दोन भोकांतून साळुंक्या शिरतात, उन्हाळ्यात सकाळी काढलेलं घरटं दुपारी अर्धं परत बांधलेलं असतं. मांजर मात्र खालून चढतं, जिथून गरम हवा बाहेर पडते त्या मोकळ्या जागेतून. ऑइल बघायचं झाकण उघडलं की डिपस्टिक काढायच्या आधी टॉर्च आत फिरवा. दोन हिरवे ठिपके दिसले तर काम झालं. आणि नाक वापरा. मांजराच्या मुताचा वास पेट्रोलच्या वासातही लपत नाही.

आमच्याकडचा जुना हेल्पर रात्री विमान झाकताना चाकांभोवती शंखजिऱ्याची पावडर टाकायचा, रांगोळीला वापरतात ती. सकाळी पंजे आत गेलेले दिसले आणि बाहेर आलेले दिसले नाहीत, की तो काही न बोलता काउल खोलायला घ्यायचा. नवीन इंजिनिअर पोट्टे हसायचे. त्याला एकच उत्तर माहीत होतं: "हसा ना बाप्पा, मी कुठं नाही म्हणून राहिलो. पण आधी खोलून पाहा."

मांजर आडवं गेलं म्हणून तीन पावलं मागे जाणारे ट्रेनीही मी पाहिलेत. जा खुशाल. मागे जाता जाता ते कुठे गेलं तेवढं बघून ठेवा.

काही जण म्हणतात, मांजरंच हाकलून द्या. देऊ नका. उंदीर वायरिंग कुरतडतात, आणि कुरतडलेली वायर तुम्हाला टॉर्चने दिसत नाही. मांजर ठेवा, पण त्याची हजेरी घ्या. विमानांपासून लांब, हँगरच्या दुसऱ्या टोकाला, रोज पहिल्या उड्डाणाच्या आधी ठरलेल्या वेळी ताटली ठेवा आणि वाजवा. सगळी आली तर ठीक. एखादं आलं नाही तर त्या दिवशी पहिल्या विमानाचं काउल उघडूनच बघायचं. मांजरी गाभण असेल तर जास्त जपा. साधारण नऊ आठवड्यांत ती विते, आणि पिल्लं झाल्यावर जागा बदलत राहते. काल रिकामी असलेली शेपूट आज पाळणाघर झालेली असू शकते. अशा वेळी तिच्यासाठी कोपऱ्यात अंधारा खोका आणि जुनं गोणपाट ठेवणं सगळ्यात स्वस्त उपाय. आत सापडलेलं मांजर काढताना काठीने ढोसू नका. वासाची मासळी ठेवा, लांब व्हा, वाट बघा. उड्डाण उशिरा झालं तर झालं.

एवढं करूनही हवेत गेल्यावर म्यांव ऐकू आलं तर?

विमान उडवत राहा. मांजर बाहेर पंखावर असेल तर नाक एकदम खाली करू नका, पॉवर हळूहळू कमी करा, १५२ मध्ये ७० नॉटच्या आसपास या. यापेक्षा फार हळू जाण्याचा मोह टाळा. मांजराला वाऱ्यापासून वाचवताना स्टॉल घेऊन बसाल, म्हणजे वेग कमी पडून पंख विमान उचलायचंच सोडतील. वळणं हलकी, विमान १५ अंशांच्या आत कलवून. हात बाहेर काढून त्याला धरायचा विचारही करू नका, पंजा घट्ट आहे तोवर ते तुमच्यापेक्षा सुरक्षित आहे. ते फ्लॅपजवळ असेल तर फ्लॅप वापरू नका. बिनफ्लॅपचं उतरणं तुम्हाला शिकवलेलं आहे: १५२ ला ६० ते ७० नॉट, १७२ ला ६५ ते ७५. सोनेगावची, म्हणजे नागपूर विमानतळाची, धावपट्टी ३२०० मीटर आहे, छोट्या विमानाला ती संपता संपत नाही. थंडीची चिंता कमी करा. उंची वाढेल तसं हजार फुटांमागे साधारण २ अंश तापमान उतरतं. उन्हाळ्यात ३००० फुटांवर त्याला बरंच वाटेल. जानेवारीत मात्र वाऱ्याचा मारा बाधतो, लवकर उतरा.

मांजर केबिनमध्ये असेल तर ते जास्त अवघड. २०२१ मध्ये सुदानच्या खार्टूमहून दोह्याला निघालेल्या प्रवासी विमानात कॉकपिटमध्ये दडलेलं मांजर चवताळून कॅप्टनवर धावलं, आणि विमान परत फिरवावं लागलं. तिथे निदान दुसरा पायलट होता. तुम्ही सोलोवर, म्हणजे एकटेच, असाल तर मांजराकडे बघू नका, हाक मारू नका, पेडलपासून पाय उचलू नका. शेजारी कोणी असेल तर त्याने जॅकेट किंवा दुपट्टा अंगावर टाकून, मांजर त्यात गुंडाळून मांडीवर दाबून धरावं. दुपट्टा उन्हाळ्यात नागपूरकराच्या गळ्यात असतोच.

काठी जड लागली, म्हणजे ते शेपटीत तारेपाशी आहे, तर ताकद लावून ओढू नका. मागे-पुढे हळूच हलवून पाहा. सुटत नसेल तर ट्रिम (नाकाचा तोल साधायचं वेगळं चाक) आणि पॉवरने उतरा. एलेव्हेटरशिवाय उतरण्याची रीत हँडबुकच्या आणीबाणीच्या भागात दिलेली आहे, ती आज रात्रीच वाचा.

टॉवरला सरळ सांगा. काठी मोकळी असेल तर तीनदा पॅन-पॅन (तातडीचा इशारा), अडकली असेल तर मेडे (जिवावरच्या संकटाचा). आणि 'मांजर' हा शब्द उच्चारायला लाजू नका. १९१० मध्ये वॉल्टर वेलमनचं 'अमेरिका' हे हवाई जहाज अटलांटिक ओलांडायला निघालं, तेव्हा त्यावरच्या किडो नावाच्या मांजराने इतका गोंधळ घातला की वायरलेसवरून अगदी सुरुवातीला गेलेला निरोप 'हे मांजर येऊन घेऊन जा' अशाच अर्थाचा होता. पिशवीत घालून त्याला खालच्या बोटीत सोडायचा प्रयत्नही झाला. समुद्र खवळलेला, जमलं नाही, परत वर ओढलं. पुढे जहाज सोडून द्यावं लागलं, माणसं आणि मांजर दोन्ही एका बोटीने वाचवले.

उतरल्यावर घाई हीच चूक होते. धावपट्टी सोडा, टॉवरला विचारून थांबा, आणि हँगरपर्यंत जाऊ नका. मिक्स्चर (इंजिनाचा इंधनपुरवठा) बंद, मॅग्नेटो बंद, किल्ली बाहेर, प्रोपेलर पूर्ण थांबेपर्यंत कोणी दार उघडायचं नाही. मांजर आवाज कमी झाल्याबरोबर उडी मारतं, आणि पुढे मारलं तर थेट प्रोपेलरच्या कक्षेत.

मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळून अंधाऱ्या खोक्यात ठेवा, जबरदस्तीने पाणी पाजू नका, आणि सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. ते चावलं किंवा ओरबाडलं असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीचं विचारा. "घरचंच आहे, काही नाही होत" हे ऐकून घेऊ नका.

विमान तोवर जमिनीवरच. शेपटीचे पॅनल उघडून केस, पिसं, विष्ठा साफ करायची, तारा आणि पुली डोळ्यांनी तपासायच्या, कंट्रोल पूर्ण आणि मोकळे फिरतात का बघायचं. मूत सांडलं असेल तर त्याच दिवशी धुवा. ॲल्युमिनियमला ते खातं, आणि गंज तुम्हाला पुढच्या मोठ्या तपासणीत रिव्हेटच्या कडेला पांढऱ्या पावडरीसारखा सापडेल. एएमईची सही झाल्याशिवाय पुढचं उड्डाण नाही. लॉगबुकात 'परकीय वस्तू' असं मोघम लिहू नका. मांजर होतं, कुठे होतं, किती वेळ होतं आणि कुठून शिरलं असावं, हे लिहा, म्हणजे दुसऱ्या पाळीचा इंजिनिअर तीच फट आधी बुजवेल.